एक सूत वर

गिटार वाजवणारं कोणी घरी आलं की माझ्या गिटारच्या ब्रिजखाली वाकून बघतं आणि विचारतं, हा असा हवेत का ठेवलाय? टेकवून टाका ना, कटकट कमी होईल. मी म्हणते, आवडतं मला, आणि चहा टाकायला उठते. खरं कारण सांगायचं तर एक अख्खा रविवार सांगावा लागतो, आणि तो सांगताना माझा आवाज चिरकतो. लोकांसमोर रडायची मला सवय नाही, ओरडायची आहे.

तो ब्रिज लाकडापासून एक सूत वर आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. सुतार, गवंडी, फिटर, सगळे हेच माप बोलतात. बाबांच्या तोंडी तर ते चोवीस तास असायचं. दार एक सूत घासते, गादी एक सूत सरकव, वरणात मीठ एक सूत जास्त. गंमत अशी की माझं आणि बाबांचं सूत मात्र कधी जुळलं नाही. दोघांचाही पारा नाकाच्या शेंड्यावर, जुळणार कसं?

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये फिटर होते. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून शेती सोडून इकडे भिलाईला आले, बाबा इथेच वाढले आणि रोलिंग मिलच्या मेंटेनन्समध्ये लागले. जिथे लालभडक रूळ लाटले जातात तिथली यंत्रं चालू ठेवायचं काम. घरात आम्ही मराठी बोलतो, पण ती अशी, की पुण्याच्या माझ्या मैत्रिणीला अर्धी हिंदी वाटते. रिटायर झाल्यावर सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडलं आणि भिलाईतच जुनवानीला घर बांधलं. घर बांधताना बाबा गवंड्याशी रोज भांडले, पण फरशी अशी सपाट आहे की गोटी ठेवली तर जागची हलत नाही.

आणि मग त्यांचे हात हलायला लागले.

आधी उजवा, मग डावा. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, जिवाला धोका नाही. जिवाला नव्हता हो, पण बाबांच्या लेखी हात म्हणजेच जीव होता. काही धरायला गेले की थरथर वाढायची, आणि कोणी बघतंय म्हटलं की आणखी वाढायची. त्यांनी बाहेर जेवणं सोडलं. बँकेत सही जुळेना म्हणून बँकेत जाणं सोडलं. आई त्यांचा चहाचा ग्लास अर्धाच भरायची, आणि तो अर्धा का, यावर घरात कोणी कधी अक्षर काढलं नाही. घरातला नळ गळायला लागला तर बाबा म्हणाले, प्लंबर बोलाव. ते ऐकून मी काय केलं? मी प्लंबरवर ओरडले.

त्यांची हत्यारांची पेटी दिवाणाखाली होती. हिरवी, पत्र्याची, दोघांनी उचलावी अशी. वर्षभर ती उघडली नाही. मग एक दिवस जेवताना बाबा म्हणाले, "रविवारी तो येऊन राहिला. पेटी देऊन टाकतो त्याले."

तो म्हणजे मिलमध्ये त्यांच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागलेला आणि आता स्वतः मोठा फिटर झालेला माणूस.

"कावून?" मी विचारलं.

"हात गेले. पेटी ठेवून का करू? गंजून जाईन."

आईनं भाकरी वाढली. मी पाणी प्याले. बोलायला पाहिजे होतं, पण आमच्या दोघांत बोलणं म्हणजे भांडण, आणि ज्या माणसाचा घास तोंडाशी जाईपर्यंत अर्धा सांडतो त्याच्याशी भांडू कशी? त्यांना वाटत होतं की आता आपला कुणाला काही उपयोग नाही. पेटी गेली की ते पक्कं होणार होतं. हे मला कळत होतं.

आता गिटारचं सांगते. मी जामुलच्या एका सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. सिमेंट किती वेळात घट्ट बसतं, बसल्यावर हलत तर नाही, हे बघणं माझं काम. वय त्रेचाळीस. या वयात बाई इलेक्ट्रिक गिटार घेते म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनी हसून घेतलं. हसू दे. सतरा वर्षांची असताना मी बाबांकडे गिटार मागितली होती, तेव्हा त्यांनी मला व्हर्नियर कॅलिपर आणून दिलं होतं. हो, माप घ्यायचं व्हर्नियर. "हे शिक, पोट भरते यानं," म्हणाले. मी ते अंगणात भिरकावलं. बाबांनी ते उचललं, पुसलं आणि काही न बोलता पेटीत ठेवलं. पुढे लॅबमध्ये त्याच व्हर्नियरच्या भावंडांवर माझं पोट भरलं, ही गोष्ट मी त्यांना कधी कबूल केली नाही.

गिटार जुनी होती. दुर्गच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं लग्नाचे कार्यक्रम बंद केले आणि सामान विकायला काढलं, त्यातली. तिच्या ब्रिजला एक दांडी होती. ब्रिज म्हणजे ज्या लोखंडी पट्टीवर सहाही तारा येऊन बसतात ती. दांडी दाबली की पट्टी झुकते, तारा ढिल्या होतात आणि सूर खाली घसरतो. सोडली की सूर परत जागेवर. माझी दांडी मात्र दाबून दाबून हात दुखला तरी हलेना. मागचं झाकण स्क्रू काढून उघडलं तर पोकळीत तीन स्प्रिंगा, आणि पट्टीच्या मागच्या ठोकळ्याला टेकून ठोकलेली सागवानाची एक पाचर. ऑर्केस्ट्रावाल्यानं ब्रिज जाम करून टाकला होता. त्याचंही बरोबर होतं. कार्यक्रमात एक तार तुटली तर बाकीच्या पाचांचा सूर हलून चालत नाही.

मी पाचर काढली आणि तिथून माझे भोग सुरू झाले.

असा ब्रिज बसवायचे मुख्य तीन प्रकार. एक, पाचर मारून जाम करायचा. दोन, स्प्रिंगा आवळून लाकडावर टेकवायचा, मग दांडी फक्त खाली जाते. तीन, तरंगता ठेवायचा. तरंगता म्हणजे पुढून तारा ओढणार, मागून स्प्रिंगा ओढणार, आणि दोघांच्या ओढाताणीत पट्टी लाकडाला न शिवता मधल्यामध्ये राहणार. मग दांडी दाबली की सूर खाली, उचलली की वर. मला तरंगताच पाहिजे होता. बाईनं एकदा ठरवलं की ठरवलं.

पण एक तार चढवली की पट्टी तेवढी उचलली जाते आणि बाकीच्या पाच उतरतात. त्या पाच चढवाव्या तर पहिली उतरते. सगळ्या जुळल्या म्हणावं तर पट्टी शेपूट वर करून उभी. स्प्रिंगा आवळल्या तर परत सगळं बेसूर. तीन रविवार मी आमच्या व्हरांड्यात बसून हेच केलं. कारखान्यातल्या माणसांनी ऐकल्या नसतील अशा शिव्या मी त्या गिटारला दिल्या.

चौथ्या रविवारी सकाळी, म्हणजे ज्या दिवशी पेटी जायची होती त्याच दिवशी, एक तार तुटून माझ्या गालावर बसली. मी पान्हा आपटला.

"काय भांडून राहिली तू त्याच्यासंग?" बाबा खुर्चीतून म्हणाले. हात नेहमीसारखे मांड्यांखाली दाबून बसले होते. तशी त्यांना सवयच लागली होती.

"काही नाही," मी म्हटलं.

"तीन हप्त्यांपासून काही नाही. का आहे ते सांग."

मी चिडूनच सांगितलं. तारा इकडे ओढतात, स्प्रिंगा तिकडे ओढतात, मधे हे तरंगायला पाहिजे आणि हे मेलं तरंगत नाही.

"बांधून टाक त्याले," बाबा म्हणाले. "हलणारी गोष्ट भरोशाची नसते."

हे ते ब्रिजबद्दल म्हणाले की हातांबद्दल, देव जाणे. मांड्यांखालचे हात त्यांनी आणखी दाबले. मला एकदम असा राग आला की बस. "नाही बांधणार!" मी ओरडले. "हलायलाच बनवलंय ते! फ्लोटिंग म्हणतात त्याला, फ्लोटिंग!"

"फ्लोटिंग?" बाबा जरा पुढे झुकले. "मंग एक टोक फिक्स असंल."

"बाबा, ही तुमची मिल नाही. गिटार आहे."

"गिटार असो का मिल. फ्लोटिंग आहे तं एक टोक फिक्स पाहिजे. दोन्ही मोकळे सोडले तं भटकत जाते, दोन्ही बांधले तं अटकते. तापलं का लोखंड वाढते. शाफ्टचे दोन्ही बेअरिंग आवळून टाकले तं वाढलेलं लोखंड जाईन कुठी? वाकते मंग. म्हणून एकीकडे बांधतात, एकीकडे सरकायले जागा ठेवतात."

"याच्यात काही तापत नाही," मी म्हटलं. "अन् दोन्ही बाजू सारख्याच आहेत. मी पाहिलंय."

"पाहू दे."

मी उरलेल्या तारा आणि स्प्रिंगा सोडवून ती पट्टी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी हात बाहेर काढले नाहीत, मान वाकवून बघितलं. मग आईला हाक मारली, "माझा काच आण वो." आईनं वाचायचं भिंग आणून दिलं. ते मला धरायला लावून बाबांनी पट्टीची पुढची कड बघितली. तिथे दोन ठिकाणी लोखंड घासून धार केलेली असते. गिटारमध्ये दोन खुंटे रोवलेले असतात, त्यांच्या खाचेत या दोन धारा टेकतात. सगळा ब्रिज एवढ्याशा आधारावर उभा.

"हे पाह्य," बाबा म्हणाले. "इकडे धारेत खाच आहे, खुंट्याले मिठी मारते ते. अन् तिकडे?"

मी बघितलं. दुसरी धार सरळ होती. खाच नव्हती. तिला खुंट्यावर इकडेतिकडे सरकायला केसभर मोकळीक होती. माझ्या डोळ्यांखालून ती पट्टी शंभर वेळा गेली असेल, आणि मला ते दिसलं नव्हतं.

"एक फिक्स. एक फ्री," बाबा म्हणाले.

मला काय वाटलं ते कसं सांगू? कुठल्यातरी लांबच्या देशात, कुठल्यातरी माणसानं हा चिमुकला तुकडा करताना तोच विचार केला होता जो आमच्या मिलमध्ये माणसाच्या मांडीएवढ्या शाफ्टसाठी करतात. आणि बाबांना तो विचार या धारेवर, न हात लावता, वाचता आला होता. मी इंजिनियरांची व्याख्यानं ऐकली आहेत. असं वाचणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि तो माझ्या घरात मांड्यांखाली हात दाबून बसला होता.

बाबांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते पट्टीकडे बघत होते. "एवढ्याशा धारेवर किती वजन येते?"

"सहा तारांची ओढ मिळून जवळजवळ सिमेंटच्या एका पोत्याएवढी," मी म्हटलं. ते मी वाचलं होतं.

"बाप्पा!" बाबा हळूच म्हणाले. "एक पोतं इकडून, एक पोतं तिकडून. अन् हे मधात बसून राहिलं चुपचाप. ज्यानं बनवलं तो फिटर होता बाई. पक्का फिटर." मग म्हणाले, "किती वर ठेवायचं म्हणतात?"

"एक अष्टमांश इंच."

"मंग सरळ सांग ना एक सूत!" आणि बाबा हसले. किती महिन्यांनी हसले ते मला मोजावं लागलं असतं. "पेटी काढ."

मी पेटी ओढून आणली. आई दारात चिल्याचं, म्हणजे तांदळाच्या धिरड्याचं, पीठ लागलेला हात घेऊन उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं तर ती आत निघून गेली.

बाबांचं म्हणणं असं, की मी फेऱ्या मारत होते तिथेच चुकत होते. तारा आणि स्प्रिंगा दोघांना एकदम समजावायला जायचं नाही. आधी ब्रिज पाहिजे त्या उंचीवर आधार देऊन बसवायचा, तारा निवांत जुळवायच्या, आणि मग आधार काढायचा. "मशीन बसवतात तं खाली शिम देतात," ते म्हणाले. शिम म्हणजे मापाची पातळ पट्टी. "एक सुताची शिम कर. ते पाचर फेकली तं नाही ना?"

पाचर खिशातच होती. पेटीत कानस होती, लाकूड घासायची. मी ती उचलायला गेले तर बाबा म्हणाले, "दे इकडे." आणि त्यांनी मांड्यांखालून हात काढले. ते हवेत आले आणि थरथरायला लागले. मी दुसरीकडे बघितलं. मग वाटलं, का म्हणून दुसरीकडे बघू? आणि बघत राहिले.

त्यांनी कानस धरलीच नाही. ती स्टुलावर आडवी ठेवायला सांगितली, दोन्ही टोकं दोरीनं बांधायला लावली. मग पाचर दोन्ही तळव्यांखाली घेऊन बांधलेल्या कानशीवर मागेपुढे ओढायला लागले. हात थरथरत होते, पण कानस सपाट होती आणि पाचर तिच्यावर दाबलेली होती. थरथर कडेला कडेला निघून जायची, लाकूड सपाटच उतरायचं. पिवळा भुसा त्यांच्या पायजम्यावर पडत होता. "हात हलते तं हलू दे," ते पुटपुटले, "सरफेस हलला नाही पाहिजे."

मग ते पेटीत चाचपडले आणि व्हर्नियर काढलं. तेच. मी फेकलेलं. त्याच्या जबड्याच्या टोकावर अंगणातल्या दगडाचा टवका अजून होता. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "मले रेघा नाही दिसत. तू वाच."

मी वाचलं. "जास्त आहे."

परत घासलं. परत वाचलं. चार वेळा. पाचव्यांदा मी म्हटलं, "एक सूत." आणि मग म्हटलं, कारण आता नाही म्हटलं तर कधी म्हणणार, "लॅबमध्ये रोज हेच वापरते, बाबा. यानंच पोट भरते मी."

"मले माहीत आहे," बाबा म्हणाले. "चल, पट्टी बसव."

बसवली. नव्या तारा चढवल्या. बाबांच्या सांगण्यावरून स्प्रिंगा मुद्दाम जास्त आवळल्या, म्हणजे पट्टी मागून शिमेवर घट्ट दाबून बसली. आता तारा जुळवल्या तर काय आश्चर्य! एक चढवली तरी दुसरी उतरेना. तीन रविवारांचं काम दहा मिनिटांत झालं. मला रडावं की हसावं कळेना.

"आता स्प्रिंगा ढिल्या करायच्या," बाबा म्हणाले. "जोपर्यंत त्यांचा जोर जास्त आहे, शिम दबून राहीन. बरोबरीत आल्या का शिम मोकळी. तिथंच थांबायचं. एक बालभर पुढे गेली तं तारा जिंकल्या."

"पण नेमकं कधी मोकळी झाली ते कळणार कसं?"

बाबांनी जरा विचार केला. मग गिटार आमच्या मधे कडेवर उभी करायला लावली. पाठ माझ्याकडे, तोंड त्यांच्याकडे. मी मागून स्प्रिंगांचे दोन स्क्रू फिरवायचे. त्यांनी पुढून शिमेचं बाहेर आलेलं टोक दोन बोटांत धरलं. "माझा हात तं हलतेच," ते म्हणाले. "शिम दबलेली आहे तोपर्यंत हलणार नाही. सुटली का वाजंल. तू फिरव. पाव चक्कर इकडचा, पाव चक्कर तिकडचा."

गिटारवरून मी डोकावून बघितलं. त्यांचा हात स्थिर होता! सूतभरसुद्धा हलत नव्हता. शिमेनं त्यांची बोटं धरून ठेवली होती. वर्षभरात मी तो हात असा पाहिला नव्हता. बाबाही त्याच्याकडेच बघत होते.

पाव चक्कर. पाव चक्कर. "नाही," बाबा म्हणायचे. परत पाव. "नाही." रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मला घाम फुटला होता. "आता अर्धा पाव," बाबा म्हणाले. मी स्क्रू नुसता मनात फिरवावा तेवढा फिरवला.

टिक.

मग टिकटिक. मग टिकटिकटिक, लाकडाच्या त्या तुकड्याची लोखंडावर बारीक, भरभर. बाबांचा कंप मोकळा होऊन वाजत होता. "बस!" ते ओरडले. "हात काढ! हात काढ!" मी स्क्रूड्रायव्हर फेकलाच. बाबांनी शिम अलगद बाहेर ओढली, आणि ब्रिज तिथेच राहिला. खाली काही नाही. मी गिटारच्या वरच्या कडेला गाल लावून खाली बघितलं. पट्टीखालून आरपार व्हरांड्याची फरशी दिसत होती. एक पोतं इकडून, एक पोतं तिकडून, आणि मधे एक सूत उजेड.

माझ्या आयुष्यात देवळात मला असं कधी वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

मी छोटा स्पीकर लावला, गिटार मांडीवर घेतली आणि एक कॉर्ड छेडली. सहाही तारा सुरात. बाबा पुढे सरकून बघत होते. राहवलं नसावं त्यांना. ब्रिज खरंच तरंगतो का हे बघायला त्यांनी दांडीवर हात ठेवला.

आणि सूर थरथरला.

बाबांनी चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला. "माझ्या हातानं बिघडते," ते म्हणाले आणि दोन्ही हात परत मांड्यांखाली गेले.

"परत ठेवा."

"नको."

"ठेवा म्हणते ना बाबा!" मी ओरडले. शेजारच्यांनी ऐकलं असेल. "एकदा तरी माझं ऐका! ठेवा!"

त्यांनी हात काढला. दांडीवर ठेवला. मी कॉर्ड परत छेडली आणि हात उचलून घेतला, म्हणजे माझ्याकडून काही होऊ नये.

सूर उभा राहिला आणि पाण्यावर ऊन हलतं तसा हलायला लागला. वर, खाली, वर, खाली, बारीक, एकसारखा. पुढे मी सहा महिने ही दांडी हलवायला शिकले, तरी माझा कंप रिक्षानं खड्ड्यातून गेल्यासारखा यायचा. हा असा कोणाला शिकून येत नाही. त्यात जोर नव्हता, दाखवायचं काही नव्हतं. सूर लांबत गेला, बारीक होत गेला, आणि शेवटपर्यंत जिवंत राहिला. मला तेव्हा समजलं की ब्रिज लाकडावर टेकलेला असता तर बाबांचा हात अर्धाच ऐकू आला असता, खाली जाणारा तेवढा. जाम असता तर काहीच आलं नसतं. तो तरंगत होता म्हणून सगळा आला.

आई धावत बाहेर आली. "अवो माय, किती गोड! कोण वाजवून राहिलं?"

"बाबा," मी म्हटलं.

आई बाबांच्या हाताकडे बघत राहिली. बाबा तारांकडे बघत होते. "आणखी एकदा," ते म्हणाले, अगदी लहान आवाजात. मी छेडली. त्यांनी डोळे मिटले. हात थरथरत होता आणि या खेपेला त्यांनी तो दाबला नाही, लपवला नाही, त्याला जायचं तिथे जाऊ दिलं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. पेटी न्यायला तो माणूस आला होता. पेटी व्हरांड्यातच होती, उघडी, कानस दोरीनं स्टुलाला बांधलेली, सगळीकडे भुसा. तो चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "उस्ताद, पेटी न्यायले आलो."

बाबांनी डोळे उघडले. दांडीवरचा हात मात्र काढला नाही.

"मंग कधी पाहू," ते म्हणाले. "आत्ता हात कामात आहेत माझे."